पाचवी सवाष्ण

चारुताच्या नवऱ्याचं जहाज गेली तीन वर्षं पाण्यावरच होतं. कधी ते ब्राझीलला साखर भरायला जायचं, कधी सिंगापूरला दुरुस्तीला लागायचं, आणि गेल्या दिवाळीत तर कुठल्याशा बंदरात संप झाला म्हणून अडकून पडलं होतं. कुवेतमधल्या सबाह अल-सालेम भागातल्या मराठी बायकांना ते जहाज घरचंच झालं होतं. कुंकवाचं बोट पुढे करता करता त्या विचारायच्या, आता कुठवर आलं गं? आणि येताना बसमध्ये मोबाइलवर नकाशा बघून ठेवलेलं एखादं बंदर चारुता सांगून टाकायची.

खरी गोष्ट अशी की जहाज नव्हतं, आणि नवराही नव्हता. प्रणय लग्नानंतर आठव्या महिन्यात परशुराम घाटात मोटारसायकलवरून पडून गेला. चारुता तेव्हा सव्वीस वर्षांची होती. आता ती तिशीला आली होती आणि कुवेतच्याच दुसऱ्या टोकाला, जहराच्या एका खाजगी दवाखान्यात लोकांच्या रक्ताच्या बाटल्या तपासत होती.

खोटं बोलायची तिला हौस नव्हती. नोकरीचा व्हिसा आला तेव्हा चिपळूणला आईनेच कपाटातून मंगळसूत्र काढलं. परका मुलूख आहे, गळा मोकळा दिसला की दहा जण दहा प्रश्न विचारतात, असं म्हणून तिने ते लेकीच्या गळ्यात घातलं. तेच मंगळसूत्र वर्षापूर्वी आईनेच स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलं होतं. आपल्याकडे शास्त्र गरजेपुरतं वाकतं, आणि बहुधा बाईच्याच गळ्यापाशी वाकतं. आईला हे कोण सांगणार?

पण आईचं चुकलं नव्हतं. जहरातल्या इमारतीच्या हारिसने, म्हणजे इजिप्तहून आलेल्या राखणदाराने, पहिल्याच दिवशी नवरा कुठे म्हणून चौकशी केली. चारुताने काळे मणी दाखवले. इतके हिंदी भाडेकरू बघून त्याला त्यांचा अर्थ पाठ झाला होता. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, जहाजावर. त्या दिवशी जहाज पाण्यात उतरलं ते उतरलंच. खोलीतली जोडीदारीण ताहिरा, हैदराबादची नर्स, हे ऐकून पोट धरून हसली. तिचं लग्नच झालं नव्हतं, पण बोटात अंगठी होती. मुबारकियाच्या बाजारातून ती तिने स्वतःच विकत घेतली होती. हैदराबादेत ती डोक्यावरून ओढणीसुद्धा धड घ्यायची नाही, इथे पायघोळ काळा अबाया घातल्याशिवाय जिना उतरत नव्हती. दोघींचे नवरे एकाच दिवशी घरी आले तर निजवायचे कुठे, असं ती अधूनमधून विचारायची.

सुनेत्राकाकू भेटल्या त्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला. पंचवीस वर्षं कुवेतमध्ये काढलेल्या, बँकेतल्या सदानंदकाकांची बायको, आवाज खणखणीत. त्यांनी चारुताचा गळा पाहिला, गाव विचारलं, कोकणस्थ ना, हेही विचारून घेतलं आणि तिथल्या तिथे तिला आपल्या यादीत घातलं. नवरा समुद्रावर, पोरगी एकटी, म्हणजे आपलीच जबाबदारी, असं काकूंचं गणित होतं. तेव्हापासून चैत्रातलं हळदीकुंकू असो की संक्रांत, चारुता जहराहून निघायची, शहरात बस बदलायची आणि दीड तासाने काकूंच्या दारात उभी राहायची.

ती वाणाला भुलून जात नव्हती. प्लास्टिकचे डबे तिच्याकडे अकरा जमले होते. जेवणासाठीही जात नव्हती, जरी काकूंच्या हातची आमटी सोडवत नसे. ती जायची, कारण तिथे कुणीतरी म्हणायचं, चारुता, नाव घे.

हे नीट समजून घ्यायला हवं. चिपळूणला प्रणयचं नाव आता कुणी घेत नव्हतं. फोटो कपाटात गेला होता. त्याचा विषय निघालाच तर आई "ते" म्हणायची आणि लगेच नव्या स्थळाकडे वळायची. माणूस चांगला आहे, घटस्फोटित आहे, एकच मुलगी आहे. सासरच्यांनी तर फोन बंदच केले होते. दवाखान्यात ती "सिस्टर" होती, हारिसला "मदाम" होती. अख्ख्या पृथ्वीवर एक जागा अशी उरली होती, जिथे दहा बायका गोल बसून तिच्या नवऱ्याचं नाव ऐकायला थांबायच्या. ती लाजायची, ती लाज खरी असायची, आणि म्हणायची:

"कुवेतच्या वाळूतसुद्धा तुळस रुजली छान, प्रणयचं नाव घेते, राखून सर्वांचा मान."

बायका टाळ्या वाजवायच्या. "प्रणयराव म्हण," काकू दटावायच्या. परतीच्या बसमध्ये चारुता खिडकीला डोकं टेकून बसायची आणि तिला वाटायचं, तो आहे कुठेतरी. पाण्यावर आहे.

त्या वर्षी काकूंच्या सुनेला, विनिताला, आठव्या महिन्यातच मुलगा झाला. अथर्व. पाच आठवडे ते पोर काचेच्या पेटीत होतं. नळ्या, सुया, काय काय झालं त्याचं. काकू तेव्हा देवीला बोलल्या होत्या, पोर घरी येऊ दे, बोडण घालीन. पोर घरी आलं, तीन महिन्यांचं झालं, श्रावण लागला, आणि काकूंनी शुक्रवार ठरवला.

बोडण हा कोकणस्थांच्या घरातला जुना कुळाचार. घरात लग्न झालं, मूल झालं की करतात. पाच सवाष्णी आणि एक कुमारिका परातीभोवती बसतात. मध्ये देवी, तिच्यावर पुरणावरणाचा नैवेद्य, दूध, दही, तूप, मध, साखर. सगळ्यांनी मिळून ते हाताने कालवायचं. कालवता कालवता कुमारिकेला विचारायचं, काय हवं? त्या वेळी ती देवी असते. ती जे मागेल ते परातीत पडलं पाहिजे. पुरुषांनी तिथे फिरकायचं नाही. आणि कालवलेलं सगळं शेवटी गाईला घालायचं.

कुवेतच्या ऑगस्टमध्ये हे जमवणं म्हणजे दिव्य होतं. अर्ध्याहून जास्त बायका मुलांच्या सुटीत भारतात गेलेल्या. काकू स्वतः एक, विनिता दुसरी, शेजारची सुहासिनी तिसरी, सुहासिनीची जाऊ चौथी. सुहासिनीची नऊ वर्षांची ज्ञानदा कुमारिका. पाचवी चारुता, यात काकूंना शंकाच नव्हती. शिवाय गाईचा प्रश्नही चारुतानेच सोडवला होता. सुलैबियाच्या गोठ्यावर काम करणारा लांज्याचा काशिनाथ तिच्या दवाखान्यात साखर तपासायला यायचा, आणि येताजाता जहाजाचीही चौकशी करायचा. त्याने कबूल केलं होतं, आणा ताय, एका गाईला बाजूला घेऊन घालतो, म्हणून.

चारुताने होकार दिला आणि तिची झोप उडाली. इतके दिवस हळदीकुंकू घेतलं त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. कपाळावर बोट टेकलं, पदरात नारळ पडला, कुणाचं काय गेलं? पण हे पोर जेमतेम जगलेलं. त्याच्यासाठी बोलून ठेवलेल्या परातीत आपण हात घालायचा, आणि उद्या त्याला शिंक जरी आली तरी आपल्या मनाने काय म्हणायचं? ती रोज यंत्रावर रक्तातल्या पेशी मोजत होती, विधवेच्या हाताने कुणाचा ताप वाढत नाही हे तिला कळत होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं. चिपळूणला आत्याच्या सुनेच्या डोहाळजेवणाला तिला मागच्या खोलीत बसवलं होतं, त्या खोलीतून ती अजून पुरती बाहेर आली नव्हती.

ताहिराला सांगितलं तर ती म्हणाली, "ख़ुदा को मालूम है ना? बस. औरतों को मालूम होना ज़रूरी नहीं."

सल्ला शहाणपणाचा होता. सांगितलं तर काकूंचं घर जाणार, ते गोल बसणं जाणार, नाव घे म्हणणारं कुणी उरणार नाही, हे चारुताला लख्ख दिसत होतं. नाही सांगितलं तर ते पोर. चार दिवस ती या दोन गोष्टींमध्ये झुलत राहिली. पाचव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, पुरण वाटायला मदत करते म्हणून ती सबाह अल-सालेमला गेली.

काकू पुरणयंत्र फिरवत होत्या. चारुता शिजलेली डाळ वरून घालत होती. तोंडावर बोलायचं धैर्य होईना, म्हणून तिने डाळीकडे बघतच सांगितलं.

"काकू, प्रणय जहाजावर नाहीये. तो गेला. मी इथे यायच्या आधीच."

यंत्राचा दांडा थांबला. काकूंनी गॅस बंद केला, खरं तर त्यावर काहीच नव्हतं. मग त्या खुर्चीवर बसल्या.

"तीन वर्षं मी तुझी ओटी भरली," त्या म्हणाल्या.

काकूंनी शिव्या दिल्या असत्या तर चारुताला सोपं गेलं असतं. पण काकू रागावल्या नव्हत्या, त्या हिशेब करत होत्या, आणि तो तोंडावर दिसत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "आता उद्या पाचवी कुठून आणू मी?"

अडला हरी म्हणतात तसं झालं. अर्दियात राहणारी लातूरची शामला कोकणस्थ नाही म्हणून आजवर काकूंच्या बोडणाला कधी बसली नव्हती. काकूंनी तिला तिथल्या तिथे फोन लावला आणि अगं, आजकाल असं काही कुणी बघत नाही, असं फोनवर अगदी मोकळेपणाने सांगितलं. शामला बिचारी हरखून हो म्हणाली. फोन ठेवून काकू वळल्या आणि त्यांचा आवाज बराच मऊ झाला.

"बरं केलंस सांगितलंस. पोरासाठी सांगितलंस, ते कळतं मला. तू ये मात्र उद्या. आमचे सगळ्यांचे हात भरलेले असणार, अथर्वला कोण घेणार? पुरुषांना तर मी बाहेर घालवणार. आणि गळ्यातलं राहू दे हो. बाहेर लागतं ते."

चारुता तेवढ्यावर हो म्हणाली. आपण का हो म्हणालो, याचा विचार तिने बसमध्ये केला. तिला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण सगळ्यात जास्त काय वाटलं असेल तर भीती, की आता हेही नाही म्हटलं तर शुक्रवारी आपण जहरातल्या खोलीत भिंतीकडे बघत बसू.

शुक्रवारी सकाळी सदानंदकाका आणि प्रसन्न, म्हणजे काकूंचा मुलगा, खाली गाडीत एसी लावून बसले होते. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री होतं. वर आतल्या खोलीत परात मांडलेली. शामला नवी पैठणी नेसून आली होती आणि कुठे बसायचं, कुठला हात घालायचा हे दर मिनिटाला विचारत होती. विनिताने अथर्वला चारुताच्या हातात दिलं. देताना तिने मान वर केली नाही, म्हणजे तिला कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं. जहाज आता कुठे आहे, हे त्या दिवशी कुणीही विचारलं नाही. ज्ञानदा तेवढी नेहमीसारखी येऊन बिलगली. दर हळदीकुंकवाला कंटाळलेली ती पोर चारुताच्याच बाजूला बसायची आणि तिच्या मोबाइलवर खेळायची. तिने मराठी परकर-पोलका घातला होता आणि ती इंग्रजीत कुरकुरत होती, की हा टोचतो.

दार लागलं. चारुता बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसली. मूल वजनाला काहीच नव्हतं. जेमतेम दुधाच्या चार पिशव्या. ते तिच्या खांद्यावर तोंड घासत होतं आणि त्याच्या टाळूचा, तेलाचा आणि झोपेचा मिळून एक वास येत होता. चार वर्षांत तिला इतकं जवळून कुणी हुंगू दिलं नव्हतं. ज्या पोराच्या परातीला आपला हात चालत नाही, ते पोर अख्खं आपल्या हातात आहे, हे तिच्या लक्षात आलं. तिला हसू आलं आणि मग रडूही आलं. पोर उठेल म्हणून तिने दोन्ही आवरलं.

आतून हात कालवल्याचा पचपच आवाज येत होता. मग काकूंचा खणखणीत आवाज आला.

"काय हवं?"

सुहासिनीने ज्ञानदाला इंग्रजीत समजावलं, यू आर देवी नाऊ, काहीही माग, वुई हॅव टू गिव्ह.

"एनिथिंग?"

"हो गं. काय हवं?"

"मला चारूमावशी हवी," ज्ञानदा म्हणाली. "शी इज आउटसाइड. तिला आत घ्या."

कालवण्याचा आवाज थांबला. चारुता सोफ्यावर ताठ झाली. पोराच्या पाठीवरचा तिचा हात थांबला होता. परातीत देवी होती, समोर कुमारिका होती, आणि देवीने मागितलेलं द्यायचं असतं असं काकूंनीच सगळ्यांना सांगितलं होतं. त्या क्षणी दार उघडेल असं चारुताला खरोखर वाटलं. ती उठूनही उभी राहिली.

"ते मागायचं नसतं बाळा," काकूंचा आवाज आला, अगदी प्रेमळ. "दूध माग. दही माग."

आत कुणीतरी भांडं पुढे सरकवलं.

"दूध," ज्ञानदा म्हणाली.

दूध ओतल्याचा आवाज आला. चारुता पुन्हा खाली बसली.

नंतर सगळं रीतसर झालं. जेवणं झाली. चारुताच्या पानात काकूंनी आठवणीने दुसरी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धारही धरली. मग हळदीकुंकवाचं ताट फिरलं. ते शामलापर्यंत आलं, चारुतापाशी काकूंचा हात घुटमळला, आणि ताट सुहासिनीकडे गेलं. शामलाला पहिल्यांदाच बसवलं म्हणून सगळ्यांनी नाव घ्यायचा आग्रह केला. तिने घेतलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, चारुतानेही वाजवल्या.

कालवलेलं बोडण झाकणाच्या बादलीत भरून प्रसन्नने गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि ते सांडू नये म्हणून त्याला पट्टा लावला. गोठ्यावर न्यायचं काम चारुताचंच राहिलं. ते चालतं का, हे कुणी विचारलं नाही. जहराच्या रस्त्याला लागल्यावर प्रसन्न म्हणाला, आई जुन्या वळणाची आहे. चारुता म्हणाली, हो. बाकीचा रस्ता दोघांनी रेडिओवरची अरबी गाणी ऐकली.

गोठ्यावर ऊन उतरलं होतं तरी पत्रे तापलेले होते. मोठमोठ्या पंख्यांखाली शेकडो गाई उभ्या होत्या. काशिनाथने म्हटल्याप्रमाणे एक गाय बाजूला बांधून ठेवली होती. प्रसन्न गाडीतच थांबला. चारुताने बादली उघडली, घमेल्यात ओतली. पाच सवाष्णींनी कालवलेलं ते दूध-तूप-पुरण तिने दोन्ही हातांनी गाईपुढे सरकवलं. गाईने हुंगलं आणि खायला सुरुवात केली. तिला काही अडचण दिसली नाही.

काशिनाथ कडेला उभा होता. पन्नाशीचा, काळा, हडकुळा माणूस. वर्षातून एकदा गावी जायचा, तेही कंपनीने सोडलं तर. आपल्या माणसांची रीत बघून त्याला बरं वाटत होतं.

"गाय जेवली, ताय," तो म्हणाला. "आता नाव घ्या मालकांचं. आमच्याकडं असं सोडत न्हायत."

चारुताने त्याच्याकडे पाहिलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्यासाठी ते जहाज अजून पाण्यावर होतं, आणि एक ओळ म्हटली असती तर तसंच राहिलं असतं. तुळस रुजली छान. शब्द ओठावर आले होते.

"ते गेले, काशिनाथभाऊ," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. प्रणय नाव होतं त्याचं."

'होतं' हे तिने पहिल्यांदाच म्हटलं. म्हटल्यावर ती चाऱ्याच्या पेंढीवर बसली. काशिनाथने डोक्याचं फडकं काढलं. त्याने गाईच्या मानेवर हात ठेवला.

"प्रणय," तो मग हळूच म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "कसे व्हते वो?"

हे तिला चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. गाडीत प्रसन्न वाट बघत होता, त्याने एकदा हॉर्नही वाजवला. चारुता पेंढीवर बसून राहिली आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करू लागली.